दोन्हीकडे ‘फोंडा’च, मग प्रोग्राम ‘सापडला नाही’ का म्हणतो?

फर्मागुडीला असो, आल्तिनोला असो की म्हापशाच्या एखाद्या खासगी क्लासमध्ये असो, सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकणाऱ्या मुलांकडून एक तक्रार दरवर्षी न चुकता येते: “सर, मी फोंडाच टाइप केलं. यादीतही फोंडाच आहे. तरी थांबा सापडला नाही म्हणतो.”

प्रोग्राम अगदी साधा. पणजी-फोंडा बसचे थांबे एका यादीत ठेवायचे: रायबंदर, जुने गोवे, मंगेशी, म्हार्दोळ, फर्मागुडी, फोंडा. प्रवाशाने नाव टाइप केलं की भाडं दाखवायचं. कम्पायलर (प्रोग्रामचं संगणकाच्या भाषेत रूपांतर करणारा) एरर देत नाही, प्रोग्राम अडकत नाही, फक्त उत्तर चुकतं. अशा वेळी बहुतेक मुलं ‘इफ’ची ओळ पुन्हा पुन्हा वाचत बसतात. माझं म्हणणं असं की ती ओळ एकदाच वाचावी, आणि मग पडद्याकडे बघणं सोडून मेमरीत नेमकं काय पडलंय ते बघावं. अ‍ॅरेच्या (कप्प्यांच्या रांगेच्या) तुलनेतल्या बहुतेक चुका तिथे सापडतात.

आधी ती ओळ बघू. सीचे शब्द इथे देवनागरीत लिहितोय. संगणकावर ते रोमीतच टंकायचे.

कॅर थांबा[२०];
स्कॅनएफ("%एस", थांबा);
इफ (थांबा == "फोंडा")
    प्रिंटएफ("सापडला");
एल्स
    प्रिंटएफ("सापडला नाही");

शाळेत पायथनवर हात बसलेल्या मुलाला यात काहीच खटकत नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. पायथनमध्ये दोन बरोबरची चिन्हं दिली की शब्द अक्षराअक्षराने ताडून बघितले जातात. सीमध्ये मुळात ‘शब्द’ नावाचा प्रकारच नाही. डेनिस रिची यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्समध्ये ही भाषा घडवली तेव्हा मेमरी फार मोलाची होती. शब्द म्हणजे एकेका बाइटच्या कप्प्यांची रांग, आणि शब्द संपला हे कळावं म्हणून शेवटच्या अक्षरानंतर एक शून्य. झालं. लांबी वेगळी कुठे लिहून ठेवलेली नाही, की ‘हा शब्द आहे’ अशी खूण नाही.

त्या रांगेचं नाव, म्हणजे आपलं ‘थांबा’, अशा तुलनेत वापरलं की सी त्याचा अर्थ ‘पहिल्या कप्प्याचा पत्ता’ असा घेते. दुसऱ्या बाजूला अवतरणातला "फोंडा" आहे. तो मेमरीत दुसरीकडे कुठेतरी ठेवलेला असतो आणि त्याचाही पत्ताच हाती येतो. फोंड्यातल्या आणि मडगावातल्या दोन घरांत आज एकच हुमण शिजलंय का, हे विचारायचं सोडून दोन्ही घरांचा पत्ता एकच आहे का असं विचारल्यासारखं हे झालं. उत्तर ‘नाही’ येणारच, आणि ते उत्तर बरोबर आहे.

यात एक फसवी जागा आहे. दोन्ही बाजूंना प्रोग्राममध्येच लिहिलेला शब्द असेल, म्हणजे एका पॉइंटरला (पत्ता ठेवणाऱ्या कप्प्याला) "फोंडा" दिला आणि त्याची तुलना पुन्हा "फोंडा"शी केली, तर पुष्कळदा उत्तर ‘सारखे’ येतं. कारण एकच शब्द दोनदा लिहिलेला दिसला तर कम्पायलर जागा वाचवण्यासाठी त्याची एकच प्रत ठेवू शकतो, मग पत्ताही एकच होतो. ठेवलीच पाहिजे असा नियम नाही. मुलगा घरी असं करून बघतो, चालतं, खूश होतो. लॅबमध्ये कीबोर्डवरून शब्द घेतला की बिघडतं.

इशारा मिळू शकतो, फक्त मागावा लागतो. जीसीसी या कम्पायलरला ‘डॅश डब्ल्यू ऑल’ हा पर्याय देऊन कम्पाइल केलं की अशा तुलनेवर तो तक्रार करतो; आवृत्ती १२ पासून तर दोन अ‍ॅरेंची थेट तुलना केली तरी करतो. हा पर्याय न देता सी शिकवणं मला पटत नाही. अजून कुठे कुठे टर्बो सी या जुन्या कम्पायलरच्या निळ्या पडद्यावर काम चालतं, तिथे हे सुख नाही.

उपाय सगळ्यांना माहीत असतो: ‘स्ट्रकम्प’ हे फंक्शन. रोमीत एस-टी-आर-सी-एम-पी. ते दोन्ही रांगांचा एकेक कप्पा जोडीने बघत जातं आणि फरक सापडला किंवा शून्य आलं की थांबतं. पण इथे नवशिक्याचा पाय दुसऱ्यांदा घसरतो, कारण शब्द सारखे असले की ते शून्य देतं आणि सीमध्ये शून्य म्हणजे ‘खोटं’. त्यामुळे

इफ (स्ट्रकम्प(थांबा, "फोंडा"))

असं लिहिलं तर फोंडा सोडून बाकी सगळे थांबे ‘फोंडा’ म्हणून सापडतात. शून्य का? कारण ते फंक्शन सारखेपणापेक्षा जास्त काही सांगतं: पहिला शब्द क्रमाने आधी येत असेल तर ऋण संख्या, नंतर येत असेल तर धन. सारखे असले तर मधलं शून्य. म्हणून तुलना नेहमी स्पष्टपणे ‘== ०’ अशीच लिहावी. ‘!’ हे उलटचिन्ह लावून छोटं लिहिण्याची हौस परीक्षा संपल्यावर करावी.

ऋण म्हणजे उणे एकच आणि धन म्हणजे एकच, असंही धरून चालू नये. प्रमाण सी फक्त चिन्हाची हमी देते, आकड्याची नाही. हे पुस्तकी वाटेल, पण याच्याशी मिळतीजुळती चूक २०१२ मध्ये मायएसक्यूएल या डेटाबेसच्या पासवर्ड तपासणीत सापडली. तिथे मेमरीचे दोन तुकडे ताडणाऱ्या ‘मेमकम्प’ने दिलेली संख्या एका बाइटच्या छोट्या प्रकारात कोंबली होती. काही प्रणालींवर ते फंक्शन मोठा आकडा देई आणि कापून उरलेला बाइट कधीकधी शून्य निघे, म्हणजेच ‘सारखे’. साधारण २५६ प्रयत्नांत एकदा चुकीचा पासवर्डही चालून जात होता.

आता ओळ दुरुस्त झाली. मंगेशी चालतं, फोंडा चालतं. मग कुणीतरी ‘जुने गोवे’ टाइप करतं आणि पुन्हा ‘सापडला नाही’. ‘स्कॅनएफ’चा ‘%एस’ मोकळी जागा दिसली की थांबतो, म्हणून अ‍ॅरेत फक्त ‘जुने’ येतं. उरलेलं ‘गोवे’ तसंच इनपुटच्या रांगेत उभं राहतं. पुढच्या ओळीत ‘किती तिकिटं?’ असं विचारून आकडा वाचायचा असेल तर त्याच्या वाट्याला ‘गोवे’ येतं आणि तिथेही गोंधळ. चूक एका ओळीत आणि तिची फळं दुसऱ्या ओळीत, हा सी शिकतानाचा नेहमीचा अनुभव.

म्हणून ‘एफगेट्स’ वापरायला सांगतात. ते अख्खी ओळ वाचतं, मोकळ्या जागांसकट. (जुन्या प्रोग्राममध्ये दिसणारं ‘गेट्स’ वापरू नका. अ‍ॅरे केवढा आहे हे त्याला सांगताच येत नाही. १९८८ मध्ये इंटरनेटवर पसरलेल्या मॉरिस वर्मने घुसायला वापरलेल्या वाटांपैकी एक हीच होती. २०११ च्या सी प्रमाणातून ते फंक्शन काढूनच टाकलं.) पण ‘एफगेट्स’ लावल्याबरोबर आधी चालणारा फोंडाही चालेनासा होतो! मुलं इथे खरोखर वैतागतात.

आता पडदा सोडा आणि मेमरी बघा. त्यासाठी डिबगर शिकलेला असायलाच हवा असं नाही. एक छोटा लूप घाला, तो प्रत्येक कप्पा अक्षर म्हणून न छापता आकडा म्हणून, म्हणजे ‘%सी’ऐवजी ‘%डी’ने, छापेल, आणि शून्य आलं की तेही छापून थांबेल. फोंडा रोमीत पाच अक्षरांचा: पी, ओ, एन, डी, ए. दोन्ही रांगा अशा दिसतात:

यादीतला:         ८० १११ ११० १०० ९७ ०
टाइप केलेला:  ८० १११ ११० १०० ९७ १० ०

तो १० बघा. टाइप करून झाल्यावर दाबलेली एंटरची कळ ती हीच. ‘एफगेट्स’ ती टाकून देत नाही, अ‍ॅरेत ठेवून देतं. पडद्यावर ती दिसत नाही, फार तर पुढचं वाक्य खालच्या ओळीवर जातं. ‘स्ट्रकम्प’ बिचारं सहाव्या कप्प्यापर्यंत जाऊन म्हणतं, एकीकडे शून्य, दुसरीकडे दहा, वेगळे.

हा १० काढायची एक पद्धत सर्रास दिसते: ‘स्ट्रलेन’ने लांबी मोजायची आणि शेवटच्या कप्प्यात शून्य घालायचं. मला ती आवडत नाही. ओळ अ‍ॅरेपेक्षा लांब असेल, किंवा फाइलच्या शेवटच्या ओळीला एंटर नसेल, तर तिथे १० नसतोच, आणि मग खरं अक्षर कापलं जातं. त्यापेक्षा ‘स्ट्रसीस्पॅन’ने १० कुठे आहे ते शोधून तिथेच शून्य घालावं. १० नसेल तर ते फंक्शन शब्दाच्या शेवटचीच जागा देतं, तिथे शून्य आहेच, काही बिघडत नाही.

आकडे छापायची ही सवय लागली की बाकीचे रोगही नाडीवर बोट ठेवताच कळतात. १० च्या आधी १३ दिसला तर थांब्यांची फाइल विंडोजवर बनवून लिनक्सवर आणली आहे. शेवटी ३२ दिसला तर कुणीतरी नावानंतर स्पेस दिली आहे. सुरुवातीला ८० ऐवजी ११२ दिसला तर छोटा पी टाइप झालाय. आस्कीमध्ये, म्हणजे रोमी अक्षरांना आकडे देण्याच्या पद्धतीत, मोठ्या आणि छोट्या अक्षरात ३२ चं अंतर असतं, आणि ‘स्ट्रकम्प’च्या लेखी ती दोन निराळी अक्षरं. तुलनेआधी दोन्हीकडची अक्षरं ‘टूलोअर’ने छोटी करून घ्यावीत.

आणि काही वेळा आकडे खरंच निराळे असतात, कारण स्पेलिंगच निराळं असतं. गोव्यात हे काही नवीन नाही. मडगाव शहराच्या रोमी नावात ‘आर’ असतो, तर कोकण रेल्वेच्या स्थानकाच्या नावात त्याच्या जागी ‘डी’ येतो आणि शेवटी ‘एन’ही चिकटतो. पणजी कुणी पंजिम लिहितो. तिथे कुठलंही तुलना-फंक्शन उपयोगी नाही; पर्यायी नावांची यादीच ठेवावी लागते.

पुष्कळ ठिकाणी ‘स्ट्रकम्प न वापरता तुलना करा’ असा प्रश्न देतात. प्रश्न चांगला आहे. उत्तरं मात्र बहुतेक वेळा अशी येतात:

फॉर (आय = ०; आय < २०; आय++) {
    इफ (अ[आय] == ब[आय])
        सारखे = १;
    एल्स
        सारखे = ०;
}

हातात पेन्सिल घेऊन हा लूप चालवू. ‘अ’मध्ये पणजी (पी, ए, एन, ए, जे, आय), ‘ब’मध्ये फोंडा, दोन्ही प्रोग्राममध्येच सुरुवातीला भरलेले. पहिल्या कप्प्यात दोन्हीकडे ८०, सारखे = १. दुसऱ्यात ९७ आणि १११, सारखे = ०. तिसऱ्यात दोन्हीकडे ११०, पुन्हा १. चौथ्या, पाचव्या, सहाव्यात फरक, ०. सातव्या कप्प्यापासून दोन्हीकडे शून्यच शून्य, कारण अ‍ॅरे जाहीर करतानाच शब्द दिला की उरलेले कप्पे सी शून्याने भरते. सातवा सारखा, आठवा सारखा, विसावाही सारखा. लूप संपला तेव्हा सारखे = १. पणजी आणि फोंडा एकच!

प्रत्येक फेरी आधीच्या फेरीचा निकाल पुसत होती, शेवटी उरलं ते फक्त विसाव्या कप्प्याचं मत. म्हणून आधी ‘सारखे = १’ धरायचं, आणि एक फरक सापडला की ० करून ‘ब्रेक’ने लूप तिथेच तोडायचा. एल्स-बिल्स काही नको.

एवढं करूनही हा लूप अर्धाच बरा होतो. तो वीसच्या वीस कप्पे बघतोय. ‘अ’मध्ये शब्द कीबोर्डवरून आला असेल आणि ‘अ’ हा फंक्शनच्या आतला, सुरुवातीची किंमत न दिलेला अ‍ॅरे असेल, तर फोंडाची पाच अक्षरं आणि शून्य मिळून सहा कप्पे भरतात. बाकीच्या चौदांत मेमरीत आधीपासून पडलेलं काहीबाही असतं. ‘ब’मध्ये तिथे शून्यं. शब्द सारखे, उत्तर वेगळे. शिवाय तो कचरा दर वेळी निराळा असू शकतो. मग एका संगणकावर चालतं, शेजारच्यावर नाही. मध्ये एक ‘प्रिंटएफ’ घातला की चालतं, काढला की नाही. असं काही दिसलं की पहिला संशय न भरलेल्या कप्प्यांवर घ्यावा. लूप शून्यापाशी थांबलाच पाहिजे:

व्हाइल (अ[आय] == ब[आय] && अ[आय] != ०)
    आय++;

बाहेर पडल्यावर त्या जागी दोन्ही कप्पे सारखे असतील तर दोन्ही शब्द एकदमच संपले, म्हणजे सारखे. यात एक बरोबरचं चिन्ह गळून ‘अ[आय] = ब[आय]’ झालं तर तुलना होतच नाही, उलट ‘अ’मधली अक्षरं पुसून तिथे १ किंवा ० भरलं जातं.

शून्यापर्यंतचं अंतर मोजून तेवढीच अक्षरं ताडायची, अशीही एक युक्ती काढली जाते: टाइप केलेल्या शब्दाची लांबी घ्यायची आणि ‘स्ट्रएनकम्प’ला तेवढीच अक्षरं बघायला सांगायची. मग ‘फों’ टाइप केलं तरी फोंडा सापडतो. आणि नुसतं एंटर मारलं तर? लांबी शून्य, शून्य अक्षरांत फरक सापडणार कुठून, म्हणून यादीतला पहिला थांबा सापडतो. हसू नका. इंटेलच्या अ‍ॅक्टिव्ह मॅनेजमेंट टेक्नॉलॉजीत, म्हणजे संगणक दुरून सांभाळायच्या सोयीत, २०१७ मध्ये उघड झालेली चूक अगदी हीच होती. समोरच्याने पाठवलेल्या उत्तराच्या लांबीएवढीच तुलना होत होती, आणि रिकामं उत्तर पाठवलं की दार उघडत होतं.

जागेची चूक जरा आडवळणाची. ‘कॅर गाव[५]’ असं लिहून त्यात रोमी फोंडा भरला तर सी तो मुकाट्याने घेते. पाच कप्पे, पाच अक्षरं, शेवटच्या शून्याला जागाच नाही. ‘स्ट्रकम्प’ मग पुढच्या मेमरीत वाचत सुटतं. सी++ मध्ये हीच ओळ एरर देते.

आणि आता आपल्या लिपीकडे, कारण हुशार मुलं लगेच विचारतात, “सर, थांबे देवनागरीत लिहिले तर?” लिहा की. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे सगळ्या लिप्या बाइटांत साठवायच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं: अक्षर, काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त, प्रत्येक वेगळं. ‘प’ म्हणजे २२४ १६४ १७०. आकडे छापताना उणे ३२, उणे ९२ असलं काही दिसलं तर घाबरू नका, अनेक संगणकांवर ‘कॅर’ चिन्हासकट मोजला जातो. ‘अनसाइन्ड कॅर’ करून छापा. पणजी बारा बाइटमध्ये बसतं. म्हापसा मात्र म, हलन्त, ह, काना, प, स, काना अशी सात चिन्हं, म्हणजे एकवीस बाइट आणि वर शेवटचं शून्य. वीसच्या अ‍ॅरेत ते मावतच नाही. ‘%१९एस’ देऊन आवरलं तर शेवटच्या कान्याचा एकच बाइट आत येतो आणि दोन बाहेर राहतात.

बाइट तेच असतील तर ‘स्ट्रकम्प’ देवनागरीतही बरोबर उत्तर देतं. अडचण येते ती डोळ्यांना सारखं दिसणारं मेमरीत निराळं असतं तेव्हा. ‘बसच्या फेऱ्या’ मधला ‘फेऱ्या’ घ्या. एका कीबोर्डवर त्यातला ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह म्हणून येतं: सहा चिन्हं, अठरा बाइट. दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह टाकून तोच आकार काढतात: सात चिन्हं, एकवीस बाइट. पहिल्या पद्धतीतला ‘ऱ’ही र आणि खालचा नुक्ता असा दोन तुकड्यांत साठवलेला असू शकतो. हे तुकडे युनिकोड एकच मानतं आणि तुलनेआधी सगळं एका साच्यात आणायची रीतही ठरवून देतं. त्यासाठी आयसीयूसारख्या लायब्ररी आहेत. जोडचिन्हाचा प्रकार मात्र त्या साच्यातही निराळाच राहतो, तो आपणच हाताने बदलून घ्यावा लागतो.

पहिल्या वर्षाच्या भाड्याच्या प्रोग्रामला एवढा व्याप झेपायचा नाही. तिथे मी मुलांना थांब्यांना नंबर द्यायला सांगतो: १ रायबंदर, २ जुने गोवे, ३ मंगेशी. प्रवाशाने नंबर टाइप करायचा, तो ‘इंट’मध्ये घ्यायचा, आणि तिथे दोन बरोबरची चिन्हं खुशाल वापरायची. फक्त ‘स्कॅनएफ’ने परत दिलेला आकडा (किती गोष्टी वाचता आल्या तो) तपासा, कारण ‘नंबर टाका’ म्हटल्यावरही कुणीतरी ‘फोंडा’ टाकणारच.